जुन्या तोंडवळ्याचा नवा कॅमेरा: चार महिन्यांचा आमचा तजुर्बा

गेल्या रमजानच्या आधीच्या हंगामात विदर्भातील आमच्या एका जुन्या ग्राहकाने साठ साड्यांच्या मालापैकी बावीस साड्या परत पाठवल्या. पार्सलमध्ये चिठ्ठी नव्हती. संध्याकाळी फोन आला, "सेठ, फोटोत मरून दाखवलात आणि हातात वीटकरी आली. माझ्या गिऱ्हाइकाला मी काय तोंड दाखवू?" आम्ही फोटो काढून पाहिला. त्याचे म्हणणे खरे होते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेला तो फोटो होता आणि मोबाइलने आपल्या मर्जीने रंग गडद करून टाकला होता. येण्या-जाण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले. ते एक वेळ सोसता येते. हंगाम मात्र निघून गेला, आणि ईदनंतर त्या शेडला विचारतो कोण?

कापडाच्या धंद्यातल्या आमच्या बांधवांना हे दुखणे ठाऊक आहे. पूर्वी ग्राहक पेढीवर येत असे, थान उलगडत असे, आणि शेड पाहायची म्हणून साडी हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात जात असे. आता तो तिकडे घरी बसून मोबाइलवर माल पसंत करतो. म्हणजे पायरीवरचा तो उजेड आपणच त्याच्यापर्यंत पोहोचवायचा आहे. चिरंजीव बरेच दिवस म्हणत होते, "अब्बा, धड कॅमेरा घेऊ या." आम्ही टाळत होतो. बावीस साड्या परत आल्यावर टाळायला तोंड उरले नाही.

कॅमेरा घेतला तो निकॉन कंपनीचा झेड एफ. कंपनीने तो सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. प्रथम पाहिला तेव्हा आम्हाला वाटले की चिरंजीवांनी जुन्या बाजारातून काहीतरी उचलून आणले. काळे अंग, त्यावर चामड्यासारखे खरखरीत आवरण आणि माथ्यावर आकडे कोरलेल्या चकत्या. आमच्या तरुणपणी लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असे तसाच थेट. हे रूप कंपनीने मुद्दाम घेतले आहे. १९८२ मध्ये निघालेल्या तिच्याच एफ एम २ या रोलच्या कॅमेऱ्याचा तोंडवळा यात उतरवलेला आहे. तो एफ एम २ जगभरच्या बातमीदार फोटोग्राफरांचा लाडका होता. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जो फोटो काढला आणि जो पुढे जून १९८५ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला, तो याच जातीच्या कॅमेऱ्यातला.

नव्याला जुन्याचे कपडे घालण्याची ही चाल एकट्या निकॉनची नाही. फुजीफिल्मने २०११ च्या सुमारास एक्स १०० बाजारात आणून हा रस्ता मोकळा केला. निकॉनने २०१३ मध्ये डी एफ आणि २०२१ मध्ये लहान सेन्सरचा झेड एफ सी आणला, त्यानंतर हा. आम्हा कापडवाल्यांना यात नवल वाटू नये. यंत्रमागावरची सेमी पैठणी आपण रोज विकतोच. काठ-पदर हातमागाच्या वळणाचा आणि आत मशीनची वीण. तिला सेमी म्हणून विकले तर ती लबाडी नव्हे, हातमागाची म्हणून विकली तर लबाडी. या कॅमेऱ्याचेही तसेच. आत सगळे आजचे इलेक्ट्रॉनिक काम आहे आणि कंपनी ते लपवत नाही.

आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. जुन्या एस एल आर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असे. तो दृश्य वर डोळ्याकडे पाठवी आणि बटण दाबले की उचलला जाई. या नव्या जातीत तो आरसाच नाही, म्हणून हे मिररलेस. सेन्सर सरळ दृश्य पाहतो आणि डोळा लावायच्या खिडकीत एक बारीक पडदा असतो. आमच्या कामाला याचा मोठा फायदा आहे. फोटोत रंग कसा येणार ते बटण दाबण्याआधीच दिसते. सेन्सर जुन्या रोलच्या चौकटीएवढा, साडेचोवीस मेगापिक्सेलचा आहे. बॅटरी आणि कार्डासह वजन ७१० ग्रॅम. चकत्या पितळेच्या आहेत आणि फिरवताना बोटाला खरी 'टक्' लागते. हा भाग आम्हाला फार आवडला हे कबूल करतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. पडद्यावरच्या मेनूतील इंग्रजी ओळींची भानगड चिरंजीवच सोडवतात. पण चकतीवरचा आकडा आम्हालाही वाचता येतो. कॅमेरा बंद असला तरी वरून एक नजर टाकली की कोणत्या वेगावर नि कोणत्या आय एस ओ वर आहे ते कळते. दुकानात तीन जण एकच कॅमेरा हाताळतात, तिथे ही सोय लहान नाही.

आमच्या गावाला, मालेगावला, कॅमेरा तसा नवा नाही. २००० साली नासिर शेख यांनी इथल्याच कारागिरांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. त्यावरून पुढे माहितीपट निघाला, आणि २०२५ मध्ये हिंदी सिनेमाही आला. तरी मागांच्या या गावात कापडाचा फोटो मात्र अजून ट्यूबलाइटखालीच काढला जातो!

आता मूळ मुद्दा, शेडचा. पहिल्या आठवड्यात आमची निराशा झाली. एवढा पैसा घालूनही मरून साडी वीटकरीच! मग आमचे जुने स्टुडिओवाले चाचा दुकानात आले. तीस वर्षे आमच्या पेढीच्या कॅलेंडरचे नि जाहिरातींचे फोटो त्यांनीच काढले होते आणि मोबाइल आल्यावर आम्हीच त्यांना बोलावणे सोडले होते. त्यांनी वर ट्यूबकडे पाहिले, समोरच्या काचेच्या शोकेसमधल्या पिवळ्या बल्बकडे पाहिले आणि म्हणाले, "सेठ, दोन जातीचा उजेड एका कपड्यावर टाकलात, तर कॅमेरा बिचारा कोणाचे ऐकेल?"

त्यांनी पिवळे बल्ब बंद करवले. साडीशेजारी राखाडी रंगाचे कार्ड उभे केले आणि त्या कार्डावरून कॅमेऱ्याला पांढऱ्याचे माप दिले. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. कॅमेऱ्याला आपण सांगतो की हा राखाडी म्हणजे राखाडी, बाकीचे रंग यावरून तोल. एकदा ते माप बसवले की उजेड बदलेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. दहा मिनिटांत मरून मरून झाला. राखाडी कार्ड फार थोड्या पैशात मिळते. म्हणजे आमच्या अडचणीचा निम्मा इलाज कॅमेऱ्यात नव्हताच. चाचांना आधी बोलावले असते तर परत आलेल्या पार्सलचे भाडे वाचले असते, हेही लिहून टाकतो.

तरी काही रंग हट्टी असतात. राणी आणि भडक फ्लोरोसंट गुलाबी अजूनही जसाच्या तसा येत नाही. अशा रंगाची चमक मोबाइलच्या साध्या पडद्याच्या ताकदीबाहेरची आहे. तिथे कॅमेरा कितीही चांगला असो. या शेडसाठी आम्ही आजही बोटभर कापडाचा तुकडा पाकिटात घालून पाठवतो आणि ग्राहकाला तसे आधीच सांगतो. शिवाय समोरच्याचा मोबाइल कसा आहे, त्याचा उजेड किती वाढवलेला आहे, हे आपल्या हातात नाही.

दुसरी अडचण विणीची. बारीक चौकडी किंवा बारीक पट्ट्यांचे शर्टिंग घ्या. फोटोत त्यावर लाटा दिसतात, कधी हिरव्या-जांभळ्या छटा उठतात. मूळ कापडात यातले काही नसते. ग्राहक म्हणतो, माल डागी आहे. कारण असे की सेन्सरवरही बारीक चौकटींची जाळी असते. तिच्यात निम्म्या चौकटी हिरवा रंग घेतात, पाव लाल आणि पाव निळा. कापडाच्या धाग्यांची जाळी त्या जाळीच्या मापाशी भिडली की दोहोंच्या झगड्यातून तिसरीच नक्षी उठते. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरून पाहा, म्हणजे लगेच ध्यानात येईल. उपाय म्हणजे कॅमेरा हातभर पुढे-मागे करणे किंवा किंचित तिरका धरणे. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

या कॅमेऱ्यात याहून पक्का एक उपाय आहे. त्याला पिक्सेल शिफ्ट म्हणतात. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि तो सेन्सरला एकेका चौकटीने सरकवत चार फोटो घेतो, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तिन्ही रंग खरे नोंदले जातात. मग कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये संगणकावर ते एकत्र करायचे. खोट्या छटा जातात. बत्तीस फोटो घेतले तर शहाण्णव मेगापिक्सेलचे चित्र बनते, ज्यात जरीची तार न् तार मोजून घ्यावी. मात्र या सगळ्या वेळात कॅमेरा आणि कापड दोन्ही केसभरही हलता कामा नये. आता मालेगावात हे कसे व्हावे? आमच्या दुकानामागेच कारखाना आहे. मागांची खडखड सुरू असली की जमीनच थरथरते, आणि चित्र फसते. दोन दिवस आम्ही कॅमेऱ्यालाच दोष देत बसलो होतो. शेवटी तोडगा निघाला शुक्रवारचा. त्या दिवशी माग बंद असतात. आता असले बारीक काम शुक्रवारी सकाळी, छताचा पंखा बंद करून उरकतो आणि मग जुम्याच्या तयारीला लागतो.

उजेडाबद्दल आणखी एक. आपल्याकडची वीज पन्नास सायकलची, म्हणून स्वस्त एल ई डी दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते दिसत नाही. कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर फोटोत आडवे पट्टे येतात. एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवले की पट्टे जातात. पण या सुंदर पितळी चकतीवर साठ आहे, एकशेपंचवीस आहे, पन्नास नि शंभर नाहीत! त्यासाठी चकती वेगळ्या खुणेवर नेऊन मागच्या चाकाने वेग निवडावा लागतो. म्हणजे ज्या चकतीसाठी आपण पैसे दिले ती बाजूला पडते. स्टँडवर पाव सेकंदासारखा संथ वेग ठेवला तर हा प्रश्नच येत नाही, आणि आम्ही आता तसेच करतो.

तक्रारी निघाल्याच आहेत तर उरलेल्याही सांगून टाकतो. पकडायला पुढे धड उंचवटा नाही. जड लेन्स लावून तासभर हातात धरला की बोटे अवघडतात. जोडपकड वेगळी विकत मिळते, म्हणजे पुन्हा खर्च. कार्डाच्या जागा दोन आहेत खऱ्या, पण दुसरी नखाएवढ्या मायक्रो कार्डाची आहे, आणि दोन्ही खाली बॅटरीच्या खणात. कॅमेरा स्टँडच्या पाटीवर बसवला की कार्ड काढण्यासाठी सगळे उस्तरावे लागते. नवीन लेन्सवर छिद्र लहान-मोठे करायचे आकडेवारी कडे नाही. ते काम पुढच्या चाकाने होते आणि आकडा माथ्यावरच्या एका इवल्याशा खिडकीत दिसतो. आय एस ओ च्या चकतीवर 'ऑटो'ची खूण नाही. त्यासाठी पुन्हा मेनूत शिरा. जुना तोंडवळा दिला, पण तो सगळीकडे पुरा केला नाही असे आमचे मत पडले.

एक गोष्ट मात्र आम्ही शौकाची समजून बाजूला ठेवली होती आणि तीच रोजच्या कामाची निघाली. वेगाच्या चकतीखाली एक दांडी आहे. ती सरकवली की कॅमेरा कृष्णधवल होतो. रंगीत मालाच्या दुकानात याचे काय काम? चिरंजीवांनी गंमत म्हणून नव्या बुट्टीच्या नमुन्याचा तसा फोटो काढला. जमीन मोरपंखी, बुट्टी लाल. नुसत्या डोळ्याला उठावदार. कृष्णधवल फोटोत बुट्टी गायब! दोन्ही रंगांची गडदपणाची पातळी एकच होती. अशी साडी हातात घेऊन छान दिसते, पण दहा फुटांवरून, लग्नाच्या गर्दीत, नक्षी कापडात बुडून जाते. जुने रंगारी डोळे मिचकावून हेच पाहत असत. आम्ही डिझाइनवाल्याला बुट्टीचा लाल दोन शेड उजळ करायला सांगितला. तेव्हापासून नवा नमुना मागावर चढण्याआधी एकदा त्या दांडीखालून जातो.

चाचांनी कॅमेरा प्रथम हातात घेतला तेव्हा चकती दोनदा फिरवली, कानाशी नेली आणि विचारले, "सेल काढला तर चालेल का?" त्यांच्याकडे अजून एफ एम २ आहे. त्याचे शटर निव्वळ घड्याळी यंत्रावर चालते, सेल फक्त उजेडाच्या मीटरला लागतो. आम्ही म्हणालो, "नाही चाचा, सेलशिवाय हा मुका." ते हसले आणि परत ठेवून दिला. पण दुसऱ्या दिवशी एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत त्यांची जुनी पंचावन्न मिलिमीटरची मायक्रो निकॉर लेन्स होती. आम्ही कॅमेऱ्यासोबत घेतलेली चाळीस मिलिमीटरची लेन्स माणसांना आणि पूर्ण साडीला उत्तम, पण ती विणीच्या फार जवळ जाऊ शकत नाही. चाचांची लेन्स जाते. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. मधे एफ टी झेड नावाची जोडकडी बसवली की त्या घराण्यातल्या पुष्कळ लेन्स या नव्या अंगावर बसतात. फोकस हाताने करावा लागतो, पण पडद्यावर तो भाग मोठा करून पाहता येतो आणि साडी काही पळून जात नाही. शिवाय त्या लेन्सवर आकड्यांचे कडे आहे. आमची वरची तक्रार तेवढ्यापुरती मिटली. काठाचे, पदराचे, जरीचे जे फोटो आता आमच्या ग्राहकांना जातात ते चाचांच्या लेन्समधून. ती आम्ही विकत मागितली, त्यांनी नाही म्हटले. "लेन्स माझी, काम तुमचे, बोलावत जा," एवढेच. आठवड्यातून दोनदा ते येतात आणि त्यांचा मेहनताना बसल्या जागी दिला जातो. दुकानातल्या दोन पोरांनाही ते उजेड लावायला शिकवत आहेत.

पैशाची बाब. नुसत्या अंगाची किंमत पावणेदोन लाखांच्या घरात, वर लेन्स, जोडकडी, स्टँड. दोन लाखांची मर्यादा सहज ओलांडते. दुकानदाराने 'नो कॉस्ट' हप्त्यांचा आग्रह केला. अशा योजनेत व्याज बहुधा गायब झालेले नसते, ते सवलतीच्या आड ठेवलेले असते. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही शून्य टक्के हप्ता अशी काही चीज नसते असे बँकांना बजावले होते. आमच्या घरात तो व्यवहार चालत नाही, म्हणून दोन महिने थांबून पूर्ण रक्कम चेकने भरली. बिल पेढीच्या नावाने आणि जी एस टी क्रमांक घालूनच घ्यावे. कॅमेऱ्यावर अठरा टक्के कर आहे आणि धंद्याच्या वापरासाठी असेल तर त्याची वजावट मिळते. मात्र त्याच कराच्या रकमेवर घसारा लावलात तर वजावट जाते, तेव्हा आपल्या हिशेबनिसाला आधी विचारावे. बिलाशिवाय काही हजारांनी स्वस्त देणारेही भेटतील. त्यात वजावटही नाही आणि दुरुस्तीची हमीही नाही.

लहान दुकानदाराने हाच घ्यावा का? आम्ही नाही म्हणू. फक्त मालाचे फोटो हवे असतील तर याच कंपनीचा साधा झेड ५० निम्म्याहून कमी किमतीत तेच काम करील, आणि राखाडी कार्डाशिवाय दोन्ही सारखेच चुकतील. यात जादा जे मोजले ते मोठ्या सेन्सरला, पिक्सेल शिफ्टला आणि बऱ्याच अंशी रूपाला. रूपाला आम्ही पैसे दिले हे लपवत नाही. आम्ही स्वतः रूपच विकतो.

परत आलेल्या त्या बावीस साड्यांचे आम्ही नव्याने फोटो काढले आणि वीटकरीला वीटकरी म्हणूनच त्या विदर्भाच्या ग्राहकाला पाठवले. त्याने नऊ ठेवून घेतल्या. चार इथेच पेढीवर गेल्या. नऊ अजून फडताळात आहेत.